काळ्या डोंगरावरची माणसं

जानेवारी नुकताच लागला होता. सकाळी नऊच्या सुमारास नर्स सईदा मुकादमने स्वेटर चढवला, एक चावी पर्समध्ये टाकली आणि रुग्णालयाच्या मागच्या दाराने ती बाहेर पडली. काम साधंच होतं. वॉर्डातल्या म्हाताऱ्या उस्तादांच्या घरी जायचं, त्यांची लोकरीची बंडी घ्यायची, टेबलावरच्या वह्या घ्यायच्या आणि परत यायचं. जाऊन-येऊन अर्धा तास.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुवेत इराकी सैन्याच्या हातात जाऊन पाच महिने झाले होते. इतकी शांतता तिने अठरा वर्षांच्या नोकरीत कधी ऐकली नव्हती. अब्बासिया वस्तीतली तिच्या ओळखीची सगळी बिऱ्हाडं सप्टेंबरातच बगदाद, अम्मान करत मुंबईला पोचली होती. तिचा नवरा उस्मान आणि दहावीतली मुलगी आफिया त्यांच्यातच होती. निघायच्या सकाळी उस्मान बॅगेवर नुसता बसून राहिला होता.

"तू येत नाय, तर मी पण नाय जात."

"मग पोरीला कोण नेईल? तू जा. मी मागून येतेय."

"मागून म्हणजे कधी?"

"वॉर्डात माणसं हायत अजून, उस्मान. त्यांना हलवता येत नाय. मी उठून गेले तर कोण बघणार त्यांना?"

शेवटी उस्मानने बॅग उचलली. तो पोरीला घेऊन गेला आणि सईदा राहिली ती राहिलीच.

एगैला भागातलं ते खासगी रुग्णालय पूर्वी चाळीस खाटांचं होतं. आता खाटा दोन भरलेल्या, आणि त्यांना बघायला माणसंही दोनच. सईदा आणि सांगलीकडचे डॉक्टर हरिश्चंद्र नाडगौडा. बाकीचे सगळे जसं जमेल तसं निघून गेले होते.

उस्तादांची इमारत रिकामी होती. लिफ्ट बंद, जिन्यात वाळू साठलेली. चौथ्या मजल्यावर तिने कुलूप काढलं, दार ढकललं आणि ती उंबऱ्यावरच थांबली.

आतून वास येत होता. ओल्या लोकरीचा. गावी हर्णैला भिजलेली घोंगडी चुलीच्या उबेला वाळत घातली की येतो ना, तसा. आणि त्या वासाच्या पोटात मेणाचा, नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा.

पाच आठवडे बंद असलेलं घर. खिडक्या घट्ट लावलेल्या. खुर्चीवर, कपाटावर, पलंगावर धुळीचा बोटभर थर. फक्त लिहायच्या टेबलाभोवतीची फरशी स्वच्छ होती. झाडल्यासारखी नव्हे. बरीच माणसं एका जागी दाटीवाटीने उभी राहून गेली की होते, तशी.

सईदाने वह्या उचलल्या, बंडी उचलली आणि चार जिने ती मागे न बघता उतरली.

उस्तादांचं नाव हागोप. जातीचे आर्मेनियन, जन्म इराणातल्या इस्फहानचा, शिक्षण कलकत्त्याचं. तरुणपणी मुंबईत फोर्टमधल्या एका छापखान्यात आठ वर्षं खिळे जुळवले आणि मग कुवेतला येऊन आयुष्यभर आपल्या लोकांच्या मुलांना शिकवलं. आता वय सत्त्याहत्तर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. हृदय थकलेलं, छातीत पाणी साठायचं, त्यामुळे आडवं होता येत नसे. चार उशांना टेकून ते दिवसरात्र बसलेले असत. हिंदी छान बोलत आणि सईदाला 'बेटी' म्हणत.

तिने वह्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. म्हाताऱ्याने त्यांच्यावरून हात फिरवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "घरात ओल होती का गं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"समुद्रातून आलेली माणसं. त्यांचे कपडे कधी वाळतच नाहीत," ते म्हणाले आणि हसले. सईदालाही हसू आलं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, असं तिने मनाशी ठरवलं.

त्या वह्यांमध्ये उस्तादांनी एकतीस वर्षं खपून एक इतिहास लिहिला होता. सैन्याच्या भीतीने बाहेर पडायची सोय नव्हती. दुपारी वॉर्डात काम थोडं असे. सईदा पट्ट्या गुंडाळत बसे आणि उस्ताद एकेक पान हिंदीत करून तिला सांगत.

"तुर्कस्तानातल्या अंताकियाच्या जवळ एक काळा डोंगर आहे, बेटी. खरंच तसं नाव आहे. त्यावर आमचे मठ होते. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट. इजिप्तचं सैन्य आलं, गावं जळाली. डोंगरावरचे काही साधू उठले आणि जहाजात बसून निघाले. कुठे, तर इटलीत, जिनोव्हा नावाच्या बंदरात. साल तेराशे सात."

"तिथे त्यांचं कोण होतं?"

"कोणी नाही. तिथल्या लोकांनी एका टेकडीवर जागा दिली. यांनी चर्च बांधलं. संत बार्थोलोम्यूच्या नावाचं, कारण आमच्या मुलखात येशूचं नाव त्याने आणलं असं आम्ही मानतो. अंगावर तपकिरी झगा, वर काळी पट्टी. प्रार्थना आमच्या भाषेत. आपलं सगळं तसंच ठेवू, असं म्हणाले असतील. आपण सगळेच म्हणतो."

सईदाला आफियाची आठवण आली. पोरीला कोकणीत विचारलं तर ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

इतिहास पुढे सरकत गेला. इटलीतल्या आणखी गावांतही त्यांचे मठ निघाले. पण डोंगरावरून आलेले म्हातारे एकेक करून गेले. नवी मुलं दाखल झाली ती तिथलीच, इटालियन बोलणारी. पन्नास वर्षं होत नाहीत तोच प्रार्थना बदलली, नियम बदलले, तपकिरी झगा जाऊन पांढरा आला. मठ मात्र चालू राहिले. शेवटी सोळाशे पन्नास साली पोपने हुकूम काढला, की आता मूठभर माणसं उरली आहेत, तेव्हा हा संघ बंद करावा.

"त्या दिवशी त्यांच्यातल्या एकालाही आर्मेनियन येत नव्हतं," उस्ताद म्हणाले. "नाव मात्र शेवटपर्यंत तेच. लोक त्यांना आर्मेनियन बाबा म्हणायचे. कल्पना कर. आपल्याला ज्या नावाने हाक मारतात, ती भाषाच आपल्याला येत नाही."

थोडा वेळ त्यांना धाप लागली. सईदाने पाठीमागची उशी नीट केली.

"एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही. माझ्या आजीकडून ऐकलेली. खरी असेलच असं नाही. ती सांगायची, डोंगर उतरताना त्यांनी आजारी भावांना पाठीवर घेतलं होतं. जहाजातसुद्धा आजाऱ्याजवळ कोणीतरी बसलेला असायचाच. एक उठला की दुसरा बसायचा. एकट्याला मरू द्यायचं नाही, एवढाच त्यांचा खरा नियम होता म्हणे."

रोज दुपारी बारा वाजता उस्ताद हात जोडत आणि त्या साधूंसाठी आर्मेनियनमध्ये एक प्रार्थना म्हणत. त्यांच्या भाषेत त्यांच्यासाठी मागणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रार्थनेत एका शब्दाशी ते दरवेळी अडखळायचे. "कलकत्त्याला हा शब्द चुकीचा पाठ झाला," ते सांगत. "मास्तरांनी छड्या मारल्या, पण जीभ वळली नाही ती नाहीच."

दुसऱ्या खाटेवर यूसुफ होता. श्रीवर्धनकडचा, वय अडतीस, अम्गराच्या भंगारबाजारात वेल्डिंग करणारा. डिसेंबरात त्याच्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय गेले, मग हात, आणि आठवड्याभरात छातीसुद्धा हलेना. नसांना सूज आली होती. "हा आजार उलटा उतरतो, सिस्टर," डॉक्टर म्हणाले होते. "दोन-तीन महिन्यांत माणूस पहिल्यासारखा होतो. तोवर श्वास तेवढा आपण द्यायचा." गळ्यातून नळी घालून यूसुफला श्वासाच्या यंत्राला जोडलं होतं. बोलता येत नसे, बोट हलवता येत नसे. पण शुद्ध पूर्ण होती. त्याच्या फक्त पापण्या हलत. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही.

जानेवारीच्या मध्यावर विमानांचे हल्ले सुरू झाले. काचा थरथरू लागल्या. आणि त्याच दिवसांत कधीतरी सईदाला पहिल्यांदा ऐकू आलं.

बाराची प्रार्थना चालू होती. ती दाराशी पाण्याची बादली घेऊन उभी होती. उस्तादांनी एक ओळ म्हटली आणि ते श्वास घ्यायला थांबले. आणि तेवढ्या थांब्यात कोणीतरी हळूच ती ओळ पुरी केली…

भिंतीवरून आवाज परत आला असेल, म्हणून तिने दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तिने नीट कान दिला. आवाज एकाचा नव्हता. बरेच जण होते, दबक्या स्वरात, पाठ न झालेल्या मुलांनी मास्तरांच्या मागे म्हणावं तसे, थोडे मागे रेंगाळत. आणि वॉर्डात ओल्या लोकरीचा वास भरून राहिला होता.

तिची नजर यूसुफकडे गेली. तो डोळे ताणून उस्तादांच्या खाटेमागच्या भिंतीकडे बघत होता.

ती त्याच्याजवळ वाकली. "यूसुफ… तिथे कोण हाय काय?"

पापण्या एकदा मिटल्या.

सईदाने दाराकडे पाहिलं. "डॉक्टर?"

दोनदा.

"जास्त माणसं?"

एकदा.

"शिपाई?"

दोनदा. तिला काय विचारावं सुचेना. शेवटी कपड्यांचं विचारलं. "पांढरे कपडे हायत?"

एकदा.

"सगळे पांढरे?"

दोनदा.

"काळे?"

दोनदा… मग तो तिच्याकडे बघत राहिला, विचार, अजून विचार, असं म्हणत असल्यासारखा. सईदा आणखी खाली वाकली. "काही… तपकिरी?"

यूसुफने पापण्या एकदाच मिटल्या आणि मिटलेल्याच ठेवल्या.

तिने उस्तादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वहीतलं झग्यांचं पान काढून त्यावर बोट ठेवलं. यूसुफसमोर झग्यांच्या रंगाचं बोलणं कधीच झालं नव्हतं. ते पान सांगितलं त्या दुपारी डॉक्टरांनी त्याला एक्स-रेच्या खोलीत नेलेलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं.

"तपकिरी म्हणजे आधीचे," उस्ताद म्हणाले. "डोंगरावरून आलेले. पांढरे म्हणजे नंतरचे, भाषा विसरलेले. सगळेच आलेत तर…" आणि त्यांचे डोळे भरून आले. "घाबरू नकोस, बेटी."

पण ती घाबरली होती. त्यानंतर दुपारी वॉर्डात जायचं म्हटलं की दाराशी तिचा पाय अडायचा. डॉक्टरांना तिने काही सांगितलं नाही. ते झोपेविना अर्धे झाले होते. त्यात हे कुठे सांगायचं?

फेब्रुवारीच्या शेवटी तेलविहिरी पेटल्या. दक्षिणेकडून काळा धूर आला आणि सूर्य आधी लाल दिसू लागला, मग दिसेनासाच झाला. वाळत घातलेल्या चादरींवर तेलाचे शिंतोडे पडले. त्याच दिवसांत शहराची वीज गेली. डॉक्टरांनी जनरेटर चालू केला, आणि दोन दिवसांनी सकाळी तोही खोकत खोकत बंद पडला. डिझेल संपलं होतं.

यूसुफचं यंत्र थांबलं. डॉक्टरांनी झटकन नळीला रबरी फुगा जोडला आणि तो सईदाच्या हातात दिला. "दाबायचा, सोडायचा, चारपर्यंत मोजायचं, परत दाबायचा. मी डिझेल बघून येतो. तासाभरात येतो, सिस्टर."

"डॉक्टर, रस्त्यावर सैन्य पळतंय म्हणतात…"

"तासाभरात," ते म्हणाले आणि डबा घेऊन गेले.

तास झाला. दोन झाले. सईदा फुगा दाबत होती, सोडत होती, मोजत होती. उजवा हात भरून आला की डावा, डावा भरून आला की उजवा. मनगटापासून खांद्यापर्यंत आग होत होती. उस्ताद मध्ये कसेबसे दोन पावलं चालत आले, हात लावून पाहिला, पण त्यांच्या बोटांत फुगा अर्धासुद्धा दबेना, तेव्हा परत उशांना जाऊन टेकले.

अकराच्या पुढे वारा फिरला आणि धूर सरळ त्या वस्तीवर उतरला. खिडकीतला राखी उजेड तपकिरी झाला, मग काळा. ऐन दुपारी वॉर्डात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला. उजेड गेला तशी थंडीही आली. दूर कुठेतरी जमीन घुमत होती. जवळ फक्त फुग्याचा आवाज. फुस्स… आणि यूसुफच्या छातीतून परत येणारी हवा.

"बेटी, बारा वाजले असतील ना?" अंधारातून उस्तादांचा आवाज आला.

"वाजले असतील."

त्यांनी प्रार्थना सुरू केली. पहिली ओळ. थांबा. मागून दबके स्वर. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत त्यांच्या घशातून घरघर ऐकू आली आणि आवाज तुटला.

"उस्ताद?"

नुसती घरघर. छातीत पाणी भरत चाललं की कशी होते ती, हे तिला अठरा वर्षांत पाठ झालं होतं. दोन पावलांवर त्यांची खाट होती. त्यांना सरळ बसवायचं, पाठ धरायची, हात हातात घ्यायचा, एवढंच करता येण्यासारखं होतं, आणि तेवढंही तिला करता येत नव्हतं. फुगा सोडला तर यूसुफ गेला.

"उस्ताद, मी येऊ शकत नाही हो…" ती रडत म्हणाली. हात दाबत होता, सोडत होता. "मला येता येत नाही… ऐकताय ना?"

प्रार्थना थांबली होती. पण मागचे स्वर थांबले नाहीत. ते जवळ आले. अनवाणी पावलं, बरीच, फरशीवर ओली वाजणारी. ओल्या लोकरीचा वास इतका दाटला की तिला श्वास घेणं जड झालं. आणि मग तिच्या उजव्या हातावर एक हात येऊन टेकला…

गार होता. बर्फासारखा नव्हे, विहिरीच्या पाण्यासारखा. म्हाताऱ्या माणसाचा, हाडं लागणारा. ओली बाही तिच्या मनगटाला चिकटली. त्या हाताने ओढलं नाही, झटका दिला नाही. तो तिच्या हातासोबत नुसता दाबत राहिला, सोडत राहिला. चार आकडे मोजत, बरोबर तिच्याच चालीने. आपल्याला जमतंय, हे तिला दाखवत असावा तसा.

सईदाचं सगळं अंग ओरडत होतं, पळ म्हणून. शेजारच्या टेबलावर बॅटरी होती. डाव्या हाताने लावता आली असती. पण उजेड पडला आणि तिथे कोणीच नसलं तर? आणि असलं, तर?

"यूसुफ," ती कुजबुजली, "मी उस्तादांकडे जातेय. अल्लाच्या हवाली…"

आणि तिने हात सोडला.

एक क्षण. तिच्या आयुष्यातला सर्वांत लांब क्षण. मग अंधारात फुस्स… एक, दोन, तीन, चार. फुस्स…

ती चाचपडत उस्तादांपर्यंत गेली. त्यांना छातीशी धरून सरळ बसवलं. त्यांचं अंग घामाने भिजलं होतं. त्यांची बोटं तिच्या बोटांत अडकली.

"फुगा…" ते पुटपुटले.

"चालू आहे."

"कोण…"

"तुमची माणसं," ती म्हणाली. याहून वेगळं काय सांगणार होती?

खाटेभोवती आता प्रार्थना सलग चालली होती. उस्तादांनी कान दिला. घरघरीतूनही ते ऐकत होते, परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखे. आणि एकाएकी त्यांचं अंग हसण्याने हललं.

"ऐकलंस? त्या शब्दाशी… अडखळले."

सईदानेही ऐकलं होतं. सगळेच्या सगळे त्याच शब्दाशी अडखळले होते, बरोबर त्यांच्यासारखेच.

"माझ्याकडून शिकले…" उस्ताद म्हणाले. "एकतीस वर्षं… रोज येऊन… आणि मला वाटायचं, मी एकटाच…"

पुढचं बोलणं त्यांच्या भाषेत होतं आणि तिच्यासाठी नव्हतं. ती त्यांचा हात धरून बसली. बोटं सैल कधी झाली ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. तिने अंधारातच त्यांचे डोळे मिटले, हनुवटीखाली रुमाल बांधला आणि तशीच बसून राहिली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण ती भीती मोठ्या माणसांच्या पंगतीत बसलेल्या परक्या मुलाला वाटते तशी होती. पलीकडे फुगा चालूच होता. मधूनमधून त्याची चाल किंचित बदलायची. एक उठला, दुसरा बसला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग जिन्यावर बुटांचा आवाज झाला, दाराच्या फटीतून उजेडाची रेघ आली. सईदा ताडकन उठून यूसुफकडे धावली. तिचा हात पुढे झाला आणि फुगा आपणहून तिच्या पंजात आला. कोणीतरी जपून ठेवल्यासारखा. दार उघडून डॉक्टर आत आले तेव्हा ती फुगा दाबत होती आणि वॉर्डात दोन खाटांखेरीज काही नव्हतं.

संध्याकाळचे पावणेपाच वाजले होते.

"सिस्टर! मला वाटलं… रस्ता बंद होता, मला सोडेनात…" डॉक्टरांनी यूसुफची नाडी धरली, ओठांचा रंग पाहिला. मग उस्तादांकडे बॅटरी वळवली. रुमाल बांधलेला चेहरा, छातीवर जुळवून ठेवलेले हात. त्यांनी सावकाश बॅटरी खाली केली. "हे तुम्ही केलंत? मग फुगा?"

सईदाने फुगा डाव्या हातात घेतला. डॉक्टरांनी तिचा मोकळा हात उलटा करून पाहिला. आठ तास फुगा दाबलेला हात सुजतो, बोटं वाकडी होतात, हे त्यांना सांगायला नको होतं. त्या हाताला काही झालं नव्हतं. त्यांनी तो अलगद खाली ठेवला आणि जनरेटरकडे गेले. त्यांनी पुढे कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुवेत मोकळं झालं. आठवड्याभराने उस्तादांच्या चर्चचा एक माणूस शोधत आला. त्याने दफनाचं सगळं केलं आणि वह्या छातीशी धरून नेल्या.

एप्रिलमध्ये यूसुफच्या गळ्यातली नळी निघाली. आवाज घोगरा होता, पण शब्द फुटत होते. सईदा त्याला चमच्याने पेज भरवत होती.

"आपा, एक सांगू? श्वास देणाऱ्याचा हात कळतो. तुझा श्वास वेगळा, डॉक्टरचा वेगळा. डॉक्टर घाई करतो."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तू उठलीस, मग नऊ हात झाले. मी मोजले. दुसरं काय काम होतं मला?" त्याने घोट गिळला. "सगळे गार. वारा गार यायचा छातीत, समुद्रावरचा. शेवटी दहावा बसला. त्याला पहिल्यांदा नीट जमेना, फुगा अर्धाच दबायचा. मी घाबरलो. मग जमलं. त्याचा श्वास तेवढा गरम होता, आपा. तो एकटाच काय तो हिंदीत बोलला. म्हणाला, बस बेटा, आता थोडंच राहिलं."

सईदाने चमचा वाटीत ठेवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

यूसुफ मे महिन्यात काठीशिवाय चालू लागला. जूनमध्ये सईदा हर्णैला परतली. आफिया मुंबईच्या विमानतळावर गळ्यात पडून कोकणीत रडली. उस्मानने बंदराच्या रस्त्याला लहानसं दुकान टाकलं होतं. दिवस सुरळीत जाऊ लागले.

नोव्हेंबरातली एक दुपार. सईदा ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. उस्मान जेवून पान लावत होता. तांदळात फिरता फिरता तिचा उजवा हात थांबला, सुपाच्या काठावर उलटा झाला आणि मिटला. उघडला. मग थोडा वेळ तसाच राहिला आणि पुन्हा मिटला.

ती हाताकडे बघत राहिली. तो तिचा हात होता, पण ती त्याला हलवत नव्हती.

"सईदा?" उस्मानच्या हातातला चुना तसाच राहिला. "हात काय करतोय तुझा?"

"बोलू नको."

"दुखतोय काय? डॉक्टरला बोलावू?"

"बोलू नको, उस्मान… मोजतेय मी."

उस्मान तिच्याजवळ येऊन बसला. हात मिटत होता, उघडत होता, चार आकड्यांच्या चालीने. त्याच्यात कुठल्यातरी दूरच्या माणसाच्या छातीचं वजन जाणवत होतं. कधी ती छाती हलकी वाटे, कधी इतकी जड की सईदाच्या कपाळावर घाम यायचा. असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या अजानपर्यंत हे चाललं. मग हात आपोआप शांत होऊन सुपावर पडला.

तेव्हापासून वर्षातून एक-दोनदा असं होतं. आपली बसायची पाळी आली, असं समजून सईदा हातातलं काम बाजूला ठेवते आणि हात सांगेल तितका वेळ बसून राहते. मग तो थांबतो. तो माणूस बरा झाला की गेला, हे मात्र तिला कधीच कळत नाही.